स्वयंभूनाथला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपाळची सहल ठरली की पशुपतिनाथाबद्दल कोणी फारसं विचारत नाही. प्रश्न येतात ते काठमांडूच्या पश्चिमेला टेकडीवर असलेल्या, चारी बाजूंनी डोळे रंगवलेल्या स्तूपाबद्दल. ज्यांना ट्रॅव्हल कंपनीच्या बसने तिथे अर्धा तास सोडलं होतं, त्यांचे प्रश्न परत आल्यावर येतात आणि ते जास्त चांगले असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये अधूनमधून स्थापनेची कथा येईल, कारण तिच्यावाचून टेकडीवर काय कुठे आणि का आहे हे कळत नाही.

१. स्वयंभूनाथ म्हणजे देऊळ, स्तूप की विहार?

मधोमध स्तूप आहे आणि मुख्य श्रद्धास्थान तोच. पण त्याच्याभोवती शतकानुशतकं इतकी भर पडत गेली की आज टेकडीवर शिखराची देवळं, पॅगोडा पद्धतीचं हारतीमातेचं देऊळ, तिबेटी गोंपा (मठ), शेकडो छोटे चैत्य आणि त्यांच्या मधूनच राहती घरं व दुकानं असं सगळं दाटीवाटीने उभं आहे. काठमांडूचे मूळ रहिवासी असलेल्या नेवार समाजाच्या वज्रयान, म्हणजे तांत्रिक बौद्ध परंपरेचं हे सर्वांत पवित्र ठिकाण. हिंदूही तितक्याच सहजपणे येतात. काठमांडू खोऱ्यातल्या ज्या सात स्थळसमूहांना १९७९ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांपैकी हा एक. सर्व धर्मांच्या लोकांना प्रवेश आहे. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात फक्त हिंदूंनाच सोडतात, तसं इथे नाही.

२. नावात ‘स्वयंभू’ आहे, म्हणजे इथे महादेवाची स्वयंभू पिंड आहे का?

नाही. आपल्याकडे स्वयंभू म्हटलं की जमिनीतून वर आलेली पिंड किंवा अष्टविनायकातली शेंदूर चढवलेली मूर्ती डोळ्यांसमोर येते, म्हणून हा घोटाळा होतो. इथे आपोआप प्रकट झाली ती ज्योत. कथा सांगते की ही ज्योत कोणी लावली नाही, तिला तेलवात नाही, आणि ती आजही स्तूपाच्या पोटात तेवते आहे. दर्शन होतं ते तिच्यावर बांधलेल्या स्तूपाचं. ती का झाकली, ते प्रश्न ३ च्या शेवटी आहे.

३. स्थापनेची कथा नीट सांगाल का? प्रत्येक गाइड वेगळंच सांगतो.

गाइड घाईत असतात, म्हणून मंजुश्री या प्रज्ञेच्या बोधिसत्त्वापासून सुरुवात करतात. कथा त्याच्या बरीच आधी सुरू होते. ‘स्वयंभू पुराण’ नावाच्या ग्रंथात ती सविस्तर आहे. त्याचं आज मिळणारं रूप साधारण १५ व्या शतकाच्या आसपासचं मानतात.

आज जिथे काठमांडू आहे तिथे फार पूर्वी मोठा डोह होता आणि त्यात नाग राहत असत. गौतम बुद्धांच्या आधीच्या बुद्धांपैकी विपश्यी बुद्ध तिथे आले. त्यांनी काठावरच्या डोंगरावर मुक्काम केला आणि पाण्यात कमळाचं बी टाकलं. (तो डोंगर म्हणजे शहराच्या वायव्येचा आजचा नागार्जुन. स्तूपापाशी उभं राहिलं की दिसतो.) पुढे त्या बीजातून हजार पाकळ्यांचं कमळ उमललं आणि त्यात एक ज्योती प्रकट झाली. पुराणातले पुढचे बुद्धही तिच्या दर्शनाला येऊन गेले.

मग मंजुश्री येतो. महाचीनमधल्या पाच शिखरांच्या पर्वतावर त्याचं वास्तव्य होतं. हा पर्वत म्हणजे चीनमधला वूताई, आणि तिथे आजही मंजुश्रीची उपासना होते. ध्यानात त्याला ही ज्योत दिसली. वरदा आणि मोक्षदा या आपल्या दोन सहचारिणींसह तो निघाला. डोहाला प्रदक्षिणा घातल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाण्याच्या मधोमध असलेल्या या ज्योतीपर्यंत सामान्य माणूस पोहोचूच शकणार नाही. तेव्हा त्याने दक्षिणेकडचा डोंगर चंद्रहास खड्गाने चिरला. ती खिंड म्हणजे चोभार. खोऱ्याचं सगळं पाणी बागमतीतून आजही तिथूनच बाहेर पडतं.

डोह रिकामा झाला, कमळ जिथे होतं तिथे टेकडी उरली. पाण्याबरोबर नागही निघाले, पण कर्कोटक नागराजाला मंजुश्रीने थांबवून घेतलं आणि राहायला टौदह हे तळं दिलं. कमळाचं मूळ जिथे होतं ते आजचं गुह्येश्वरी, पशुपतिनाथाजवळचं. उघड्या पडलेल्या सुपीक जमिनीवर मंजुश्रीने नगर वसवलं आणि धर्माकर नावाच्या राजाला गादीवर बसवलं.

शेवटचा भाग बहुतेक गाइड गाळतात. गौड देशाचा राजा प्रचंडदेव राज्य सोडून इथे आला, भिक्षू झाला आणि शांतिकर आचार्य म्हणून ओळखला जाऊ लागला. कलियुगात लोकांची नजर पापी होईल, ज्योतीवरची रत्नं कोणी लुटून नेईल, या काळजीने त्याने ज्योत शिळेने झाकली आणि वर स्तूप बांधला. म्हणजे मंजुश्रीने वाट मोकळी केली आणि शांतिकराने ज्योत आड केली. या दोन कृतींमधला ताण मला कथेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो: दर्शन सगळ्यांना मिळावं, पण वस्तू कोणाच्या हाती लागू नये. शांतिकराचं पुढे काय झालं ते प्रश्न १५ मध्ये.

४. खोरं खरंच तळं होतं की ही नुसती दंतकथा?

तळं होतं. भूगर्भशास्त्र याबाबत स्पष्ट आहे. प्लायस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळात काठमांडू खोऱ्यात मोठं सरोवर होतं आणि त्याच्या तळाचा गाळ आजही शहराखाली आहे. या काळ्या चिकणमातीवरून शहरातल्या एका वस्तीचं नावच कालिमाटी पडलं आहे. नेवार शेतकरी ही माती खत म्हणून वापरत आले. हाच मऊ गाळ भूकंपाचे धक्के वाढवतो, त्यामुळे काठमांडूची ती एक कायमची डोकेदुखीही आहे.

सरोवर आटलं ते माणसांची वस्ती होण्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे कोणी ते पाहून आठवणीत ठेवलं असेल असं म्हणता येत नाही. पण खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला चारी बाजूंचे डोंगर, पाणी बाहेर जाण्याची एकच अरुंद खिंड आणि पायाखालची काळी माती रोज दिसत होती. त्यावरून त्याने बरोबर अनुमान काढलं असणं सहज शक्य आहे.

५. आम्हाला पशुपतिनाथच्या गाइडने सांगितलं की खिंड कृष्णाने चक्राने फोडली. मग खरं कोणतं?

दोन्ही कथा खोऱ्यात शेजारी शेजारी नांदतात. बौद्ध परंपरेत मंजुश्रीचं खड्ग, वैष्णव परंपरेत कृष्णाचं सुदर्शन. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण वर काढलं ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला यात अडखळण्यासारखं काही नाही: जमीन कशी आली याचं उत्तर प्रत्येक समाज आपल्या माणसाच्या नावावर लिहितो. स्वयंभूच्या टेकडीवर मात्र मंजुश्रीचीच कथा लागू पडते. तिथली रचना तिच्यावर बेतलेली आहे.

६. हा स्तूप २५०० वर्षं जुना आहे का?

पाट्यांवर आणि सहलीच्या पत्रकांत असं काहीतरी लिहिलेलं असतं. हाताशी असलेला पुरावा इ. स. च्या ५ व्या शतकापर्यंत नेतो. ‘गोपालराज वंशावली’ ही १४ व्या शतकातली बखर स्तूपाच्या स्थापनेचं श्रेय लिच्छवी राजा वृषदेव याला देते. तो ५ व्या शतकातल्या मानदेव राजाचा पणजोबा. त्याआधी टेकडीवर काही पूज्य स्थान असू शकेल, पण दीड हजार वर्षं म्हटलं तरी वय काही कमी नाही.

आज दिसतो तो स्तूप अर्थातच जसाच्या तसा त्या काळचा नाही. १३४९ साली बंगालच्या शम्सुद्दीन इलियासच्या स्वारीत त्याची मोडतोड झाली. नंतर तो दुरुस्त झाला, आणि पुढेही दुरुस्त्या होत राहिल्या. १७ व्या शतकात काठमांडूचा राजा प्रताप मल्ल याने पूर्वेच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंची शिखरं आणि समोरचं वज्र अशी भर घातली. सर्वांत अलीकडचा मोठा जीर्णोद्धार २०१० साली पूर्ण झाला. कॅलिफोर्नियातल्या एका तिबेटी बौद्ध संस्थेच्या मदतीने त्यात कळसाला नव्याने सोन्याचा मुलामा दिला गेला आणि त्याला सुमारे २० किलो सोनं लागलं.

७. गौतम बुद्ध स्वतः इथे आले होते का?

पुराण ‘हो’ म्हणतं, इतिहासाकडे तसा पुरावा नाही. बुद्धांचं जन्मस्थान लुंबिनी हेही नेपाळातच आहे, पण ते काठमांडूपासून दूर पश्चिमेला, तराईच्या सपाट प्रदेशात. अशोकस्तंभ आहे तो तिथे. ‘नेपाळला जातोय, एका दिवसात लुंबिनीही उरकू’ असा बेत करणाऱ्यांनी नकाशा उघडून बघावा.

८. पायऱ्या नक्की किती? आणि कुठल्या बाजूने चढावं?

पूर्वेच्या पायऱ्या ३६५ सांगतात. पाय धडधाकट असतील तर याच बाजूने चढा. पायथ्याशी प्रताप मल्लाच्या काळातल्या मोठ्या, रंगवलेल्या बुद्धमूर्ती आहेत. वर जाताना गरुड, सिंह, हत्ती, घोडा आणि मोर यांच्या दगडी जोड्या लागतात. ही पाच ध्यानी बुद्धांची (वज्रयानातल्या चार दिशा आणि केंद्र यांच्या बुद्धांची) वाहनं: गरुड अमोघसिद्धीचा, सिंह वैरोचनाचा, हत्ती अक्षोभ्याचा, घोडा रत्नसंभवाचा आणि मोर अमिताभाचा. हे आधीच माहीत असेल तर वर पोहोचल्यावर ते पाच बुद्ध ओळखीचे वाटतात (प्रश्न १२). शेवटचा टप्पा खूपच उभा आहे. तिथे मधोमध लोखंडी कठडे आहेत, ते धरायला लाजू नका. चढ संपतो तिथे समोर भलंमोठं सोनेरी वज्र येतं. त्याच्या बैठकीवर तिबेटी कालगणनेतल्या बारा वर्षांचे बारा प्राणी कोरलेले आहेत. आपल्या जन्मवर्षाचा प्राणी शोधण्यात मुलं रमतात.

सहलीच्या बस पश्चिमेला थांबतात. त्या बाजूने गेलं की माणूस आधी दुकानांतून, मग कोपऱ्यातून एकदम स्तूपासमोर येतो. सोयीचं आहे, पण चुकीच्या टोकाकडून पोथी उघडल्यासारखं होतं.

९. आईबाबांचे गुडघे दुखतात. त्यांना नेता येईल का?

येईल, पश्चिमेकडून. टॅक्सी बरीच वर जाते आणि उरतात त्या पायऱ्या कमी आणि सोप्या. तरीही पायऱ्या आहेतच, शिवाय वरच्या आवारातली फरसबंदी ओबडधोबड आहे, त्यामुळे व्हीलचेअर शेवटपर्यंत जाणार नाही. चांगला उपाय म्हणजे घरातल्यांनी दोन गट करावेत. चढणारे पूर्वेकडून, बाकीचे पश्चिमेकडून, आणि वर वज्रापाशी भेट. थामेल या पर्यटकांच्या वस्तीतून पूर्वेच्या पायथ्याशी विष्णुमती नदी ओलांडून चालत अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येतं.

१०. कोणत्या वेळी आणि कोणत्या महिन्यात जावं?

पहाटे. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायला विसरू नका, नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे असते. उजाडायच्या आधीपासूनच नेवार मंडळी ताम्हणात फुलं, अक्षता, दिवे घेऊन चढत असतात, आणि टेकडी खऱ्या अर्थाने त्यांची असते ती याच वेळी. नऊनंतर पर्यटक वाढतात. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्या दिवशी हारतीमातेपुढे मोठी रांग लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असतं आणि उत्तरेकडची हिमशिखरं दिसतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुकं. पावसाळ्यात लोक जायचं टाळतात, पण नेवारांचा गुंला महिना त्याच सुमारास, साधारण ऑगस्टमध्ये येतो. महिनाभर रोज पहाटे वाद्यं वाजवत जथे टेकडीवर येतात. डोंगर दिसले नाहीत तरी चालतील असं म्हणणाऱ्यांनी तेव्हाच जावं. वैशाखी पौर्णिमेला प्रचंड गर्दी असते.

११. तिकीट, पैसे, ओळखपत्र?

भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बराच कमी दर असतो, म्हणून खिडकीवर भारतीय असल्याचं सांगा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. दर बदलतात, तिथला फलक पाहावा. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. बाजारात १०० आणि त्याखालच्या भारतीय नोटा बिनबोभाट चालतात. २०२४ पासून अनेक दुकानांत क्यूआर कोडवर यूपीआयही चालतं, तरी टेकडीवर सुटे पैसे असलेले बरे.

‘आधार चालेल का?’ हे सर्वांत जास्त विचारलं जातं. विमानाने जाणाऱ्या प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना यातून सवलत आहे, त्यांचं आधार चालतं. विमानतळावर पोहोचल्यावर हे कळलेल्या मंडळींचे फोन येतात, आणि तेव्हा कोणाच्याच हातात काही नसतं.

१२. स्तूपाच्या आत जाता येतं का? आणि नमस्कार नेमका कुठे करायचा?

आत जाता येत नाही. स्तूप भरीव असतो, त्याला गाभारा नसतो. दर्शन म्हणजे प्रदक्षिणा. स्तूप उजव्या हाताला ठेवून, म्हणजे आपण देवळात घालतो त्याच दिशेने. कठड्यातली प्रार्थनाचक्रं (तिथे त्यांना माने म्हणतात) उजव्या हाताने त्याच दिशेने फिरवत जायचं.

घुमटाच्या कडेने देवळ्या आहेत. पूर्वेला अक्षोभ्य, दक्षिणेला रत्नसंभव, पश्चिमेला अमिताभ, उत्तरेला अमोघसिद्धी. पाचवा वैरोचन. त्याचं खरं स्थान केंद्रात, पण केंद्र भरीव असल्यामुळे त्याला अक्षोभ्याच्या शेजारी जागा दिली आहे. मधल्या चार उपदिशांच्या देवळ्या तारा देवींच्या. फुलं-अक्षता इथेच वाहतात. मोठ्या आवारात चपला चालतात. गोंपांमध्ये शिरताना काढाव्या लागतात.

१३. ते डोळे कोणाचे? आणि नाकाच्या जागी १ का काढला आहे?

डोळे बुद्धांचे, चारी दिशांना पाहणारे. भुवयांच्या मध्ये ऊर्णा, म्हणजे केसांचा वळलेला पुंजका आहे, महापुरुषाच्या लक्षणांपैकी एक. नाकासारखं दिसतं ते चिन्ह म्हणजे नेपाळी १, आपल्या देवनागरीतलाच, म्हणून मराठी माणसाला तो लगेच वाचता येतो. एकत्वाची खूण असा त्याचा अर्थ सांगतात. वरची १३ सोनेरी चक्रं म्हणजे बोधीपर्यंतच्या १३ पायऱ्या. डोळ्यांच्या वरती बसवलेल्या तोरणांवर तेच पाच बुद्ध पुन्हा भेटतात.

१४. बौद्ध स्थानावर देवीचं देऊळ कसं? ही हारती कोण?

स्तूपाच्या वायव्येला दुमजली, सोनेरी छपराचं देऊळ आहे. नेवार तिला अजिमा, म्हणजे आजी म्हणतात, हिंदू शीतलामाता. बौद्ध कथेप्रमाणे हारती ही यक्षिणी. स्वतःच्या ५०० मुलांसाठी ती लोकांची मुलं पळवायची. बुद्धांनी तिचं सर्वांत धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, ५०० मधलं एक हरवलं तर तुझी ही दशा, ज्यांचं एकुलतं एक तू नेलंस त्यांचं काय? तेव्हापासून ती मुलांची राखणदार झाली. देवी आल्यावर, गोवर-कांजिण्यांत, तान्ह्या मुलाचा पहिला नैवेद्य म्हणून लोक तिच्याकडे येतात.

ही देवी मराठी मुलखाला नवी नाही. अजिंठ्याच्या लेणे क्र. २ मध्ये मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या अंगाला हारती आणि तिचा पती पांचिक यांचं स्वतंत्र दालन आहे, खाली मुलांची रांग कोरलेली आहे. अजिंठ्यात ती दीड हजार वर्षं दगडात बसून आहे, स्वयंभूला अजून तिच्यापुढे दही-पोहे ठेवले जातात. दोन्ही पाहणं जमणार असेल तर आधी अजिंठा बघून जा.

१५. शांतिपूर बंद का असतं?

स्तूपाच्या उत्तरेला थोडं पलीकडे, बाहेरून साधी दिसणारी इमारत. प्रश्न ३ मधले शांतिकर आचार्य इथे भूमिगत खोलीत आजही समाधीत बसले आहेत अशी श्रद्धा आहे. आतल्या दालनांत दीक्षित आचार्यांशिवाय कोणी जात नाही. १६५८ साली मोठं अवर्षण पडलं तेव्हा प्रताप मल्ल स्वतः आत उतरला, नागांच्या रक्ताने काढलेलं मंडल घेऊन बाहेर आला आणि पाऊस पडला, अशी हकिकत आहे. बाहेरच्या खोलीत जुनी भित्तिचित्रं आहेत, काजळीने काळवंडलेली. दार उघडं असेल तर तिथवर जाऊन यावं. पुढच्या दारावर टकटक करू नये, पुजाऱ्याला पैसे देऊन ‘जरा आत दाखवा’ म्हणू नये. अशी विनंती होते म्हणूनच लिहितो आहे.

१६. एका फलकावर ‘नागपूर’ वाचलं. काय भानगड आहे?

भानगड काही नाही. टेकडीवर पंचमहाभूतांची पाच स्थानं आहेत: पृथ्वीचं वसुपूर, जलाचं नागपूर, अग्नीचं अग्निपूर, वायूचं वायुपूर आणि आकाशाचं शांतिपूर. शांतिकरानेच ती स्थापली असं मानतात. वैदर्भीय मंडळी नागपूरपुढे फोटो काढल्याशिवाय परतत नाहीत, आणि ते ठीकच आहे.

१७. आम्ही आंबेडकरी बौद्ध आहोत. इतके देव, दिवे, पूजा पाहून अवघडल्यासारखं झालं. आम्ही इथे कसं वागावं?

हा प्रश्न दर वैशाखात येतो. नेवार बौद्ध धर्म वज्रयानी आहे. इथले वज्राचार्य आणि शाक्य हे पुरोहित गृहस्थ असतात, लग्न-संसार करतात आणि ते पद वंशाने चालतं. स्तूपाची नित्यपूजा बुद्धाचार्यांकडे असते. महाराष्ट्रातल्या विहारांत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटणारच. पण कोणी कोणतीही पूजा करायला लावत नाही. प्रदक्षिणा घालावी, त्रिसरण-पंचशील म्हणावं, हारतीपुढे थांबायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

शिवाय याच टेकडीच्या उतारावर आनंदकुटी विहार आहे. तो थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या जुन्या परंपरेचा असल्यामुळे तिथली पाली वंदना ओळखीची वाटेल. नेपाळवर तेव्हा सत्ता असलेल्या राणा घराण्याच्या राजवटीने १९४४ साली थेरवादी भिक्षूंना देशाबाहेर काढलं होतं. ते परतल्यानंतर नेपाळात थेरवादाचा जो विस्तार झाला त्याचं हे एक महत्त्वाचं केंद्र. सहलींच्या यादीत ते नसतं, विचारून जावं लागतं.

आणखी एक: नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्याविषयीचं त्यांचं प्रसिद्ध भाषण याच शहरात झालं.

१८. माकडं त्रास देतात का?

देतात. ही लाल तोंडाची माकडं टेकडीवर शेकड्यांनी आहेत. कथेत त्यांनाही मान आहे: मंजुश्रीने इथे केस वाढू दिले, केसांची झाडं झाली आणि केसांतल्या उवांची माकडं. पवित्र म्हणून कोणी त्यांना मारत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. हातात प्लास्टिकची पिशवी, बिस्किटाचा पुडा, बाटली दिसली की गेलीच. खायला घालू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका, दात विचकून हसूही नका, त्यांना ते आव्हान वाटतं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करा. ‘मुंबईला गेल्यावर बघू’ म्हणू नका.

१९. भूकंपात स्तूप पडला होता ना?

स्तूप उभा राहिला. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात वज्राच्या दोन बाजूंना असलेल्या प्रताप मल्लाच्या शिखरांपैकी अनंतपूर कोसळलं, घरं आणि छोट्या देवळांचंही नुकसान झालं. पुढे ते शिखर पुन्हा उभारलं गेलं. दुसरं शिखर, प्रतापपूर, २०११ साली वीज पडून उद्ध्वस्त झालं होतं आणि ते भूकंपाआधीच नव्याने बांधलेलं होतं. जुन्या-नव्या फोटोंत शिखरं कधी दिसतात, कधी नाहीत, ते यामुळे.

२०. बौद्धनाथ आणि स्वयंभूनाथ एकच का? नसेल तर कोणतं पाहावं?

वेगळी ठिकाणं. बौद्धनाथ शहराच्या ईशान्येला, सपाटीवर, आकाराने बरंच मोठं आणि तिबेटी वस्तीने वेढलेलं. तिथे पायऱ्या नाहीत, त्यामुळे प्रश्न ९ मधल्यांसाठी ते सोपं. या पानावरची कथा मात्र तिथली नाही. सकाळी स्वयंभूनाथ, संध्याकाळी दिवे लागताना बौद्धनाथ, हा क्रम बहुतेकांना आवडतो.

२१. मुलाची अक्षरओळख तिथे करतात असं ऐकलं. आम्हालाही करता येईल का?

हो. स्तूपाच्या पश्चिमेच्या दुसऱ्या टेकाडावर मंजुश्रीचं स्थान आहे. हिंदू तिथेच सरस्वतीची पूजा करतात. वसंत पंचमीला, तिथे श्रीपंचमी म्हणतात, आईवडील लहान मुलांना घेऊन येतात आणि मुलं तिथे पहिली अक्षरं गिरवतात. परक्यांना कोणी अडवत नाही. पाटी-पेन्सिल बरोबर न्या आणि फार लवकर पोहोचा, परीक्षेचं वर्ष असलेल्या कॉलेजकुमारांचीही तीच वेळ असते.

२२. कथेतल्या बाकीच्या जागा एका दिवसात होतील का?

टॅक्सी दिवसभरासाठी ठरवली तर होतील. स्वयंभू पहाटे उरकून दक्षिणेला चोभार गाठा. खिंडीच्या तोंडाशी जलविनायकाचं गणपती मंदिर आहे आणि स्कॉटलंडहून आणलेला जुना झुलता पूल. पुलावर उभं राहून दोन्ही बाजूंचे कडे बघितले की खड्गाची कथा का सुचली असेल ते लगेच कळतं. बागमतीचं पाणी मात्र अस्वच्छ आहे, तीर्थ म्हणून तोंडात घेऊ नका. तिथून दक्षिणकालीच्या रस्त्यावर पुढे कर्कोटकाचं टौदह. हिवाळ्यात तिथे स्थलांतर करून आलेले पक्षी उतरतात. परतताना गुह्येश्वरी करावी, पशुपतिनाथाच्या आरतीची वेळ गाठता येते. नागार्जुनचा डोंगर याच दिवसात बसवू नका. तो संरक्षित जंगलात आहे, वेगळं प्रवेश शुल्क आहे आणि माथ्यावरच्या जमाचो स्तूपापर्यंतची चढण दोन-तीन तास घेते.